सराव मोडतो, ओढ राहते: तरुणांमधलं हेरॉईनचं व्यसन समजून घेताना

मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला असतो. वजन थोडं वाढलंय, चेहऱ्यावर रंग आलाय, दोन वेळा नीट जेवतोय, रात्री झोपतोय. उलट्या, अंगदुखी, अंथरुणात तळमळणं, सगळं मागे पडलंय. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. आणि नेमके हेच दिवस, हेरॉईन बंद झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे, त्याच्या जिवाला सगळ्यात जास्त धोक्याचे असतात. तो रोज हेरॉईन घेत होता त्या दिवसांपेक्षाही जास्त.

पहिल्यांदा ऐकताना हे उलटंच वाटतं. पण हे न कळल्यामुळे मुलं जातात, आणि घरचे आयुष्यभर स्वतःला विचारत राहतात की सगळं चांगलं चाललं असताना असं झालं कसं. या लेखात मला मुख्यतः तेच उलगडून सांगायचं आहे. त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

हे द्रव्य आहे तरी काय

खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की पांढरा चीक येतो. तो वाळला की अफू. १८०५ च्या सुमारास फ्रीडरिश सर्ट्यूर्नर या जर्मन तरुणाने अफूतून तिचं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, ते मॉर्फिन. १८७४ मध्ये लंडनमध्ये ऍल्डर राइट यांनी मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून एक नवं संयुग बनवलं. पुढे १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने तेच ‘हेरॉईन’ या नावाने बाजारात आणलं, चक्क खोकल्याचं औषध म्हणून. मॉर्फिनपेक्षा याची सवय कमी लागते, असा तेव्हा समज होता. तो किती चुकीचा होता ते कळायला फार वर्षं लागली नाहीत.

रस्त्यावर मिळणारं अशुद्ध, तपकिरी हेरॉईन म्हणजे गर्द किंवा ब्राऊन शुगर. हेरॉईन आणि त्याचे सगळे भाऊबंद, म्हणजे मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटॅनिल, यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. काही थेट अफूतून येतात, काही तिच्यावर प्रक्रिया करून, तर काही पूर्णपणे प्रयोगशाळेत तयार होतात. शरीरात ते काम मात्र एकाच ठिकाणी करतात.

ते ठिकाण म्हणजे मेंदूतल्या पेशींवरचे ओपिऑइड रिसेप्टर. कुलूप-किल्लीची उपमा इथे चपखल बसते. १९७३ मध्ये ही कुलपं सापडली आणि शास्त्रज्ञांना प्रश्न पडला: अफूसाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला असेल? दोनच वर्षांत उत्तर मिळालं. शरीर स्वतःच या कुलपांच्या किल्ल्या बनवतं. एन्केफॅलिन, एन्डॉर्फिन ही त्यांची नावं. वेदना सुसह्य करणं, मायेच्या माणसाजवळ शांत वाटणं, धावून दमल्यावर बरं वाटणं, यात त्यांचा हात असतो. शरीर त्या मोजून-मापून, थेंबाथेंबाने सोडतं. हेरॉईन घेतलं की पूरच येतो.

ज्यांनी हे घेतलंय ते पहिल्या अनुभवाबद्दल ‘मजा आली’ असं क्वचितच म्हणतात. ‘पहिल्यांदा आतून शांत वाटलं’ असं सांगणारे बरेच असतात. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाच्या आत आधीपासूनच काहीतरी ठसठसतंय, लहानपणी झालेला अत्याचार, घरातली मारहाण, कुणाला कधी न दिसलेलं नैराश्य, त्याच्यासाठी ही शांतता म्हणजे नुसती नशा नसते. आपल्या दुखण्यावर औषध सापडलं, असंच त्याला वाटतं. म्हणून ‘याला काय कमी होतं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा घरातल्या वस्तूंच्या यादीत सापडत नाही.

याच कुलपांचा एक गट मेंदूच्या देठात असतो, जिथून श्वास चालवला जातो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की ‘श्वास घे’ असा हुकूम तिथून सुटतो. ओपिऑइड हा हुकूम मंद करतं. डोस जास्त झाला तर हुकूम सुटतच नाही. ओव्हरडोसमध्ये माणूस मरतो तो बहुतेक वेळा असा: गाढ झोपतो आणि श्वास घ्यायचा राहून जातो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर हे आणखी कमी डोसमध्ये होतं, कारण त्याही श्वासाच्या त्याच यंत्रणेला गुंगी आणतात.

सराव, आणि टर्की

रोज पूर यायला लागला की शरीर गप्प बसत नाही, तोल सावरायला लागतं. कुलपं बोथट होतात आणि पेशी उलट दिशेने जोर लावू लागतात. समोरून सोसाट्याचा वारा असताना आपण पुढे वाकून चालतो ना, तसं. वारा रोजचाच झाला की वाकून चालणं हीच चाल होऊन बसते. कालचा डोस आज पुरत नाही. पूर्वी ज्या डोसने श्वास थांबला असता, तो आता सहज पचतो. याला टॉलरन्स म्हणतात. मराठीत ‘सराव’ हा शब्द त्याला नेमका बसतो.

आता तो वारा एकदम थांबला तर? माणूस तोंडावर आपटतो. शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा तासांत नाक आणि डोळे गळायला लागतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो. मग हाडं पिळल्यासारखी दुखतात, पोटात मुरडा येतो, जुलाब-उलट्या होतात, पाय आपोआप झटके देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळ्यात जोरात असतं आणि आठवडाभरात बरंचसं ओसरतं. व्यसनातून गेलेली मुलं याला ‘टर्की’ म्हणतात. निरोगी माणूस यात सहसा दगावत नाही, पण उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं आणि त्याकडे कुणी पाहिलं नाही तर दगावल्याची उदाहरणं आहेत. कोंडून ठेवून ‘सुटेल आपोआप’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इथपर्यंत आलेला मुलगा सुखासाठी हेरॉईन घेत नसतो. सुख मागेच संपलेलं असतं. नॉर्मल वाटावं, उठून चालता यावं, टर्की लागू नये, एवढ्यासाठी तो घेतो. चोरी, खोटं बोलणं, आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र, हे सगळं त्या सहा तासांच्या घड्याळाच्या धाकात चाललेलं असतं. यामुळे त्याने केलेलं माफ होतं, असं मी म्हणत नाही. पण ‘याला आमच्यावर प्रेमच नाही’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा असतो.

तरुण मेंदूच का

आपला मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि सगळा एकाच वेगाने घडत नाही. हवंहवंसं वाटणं, नवं करून बघण्याची ओढ, मित्रांची शाबासकी, यांची यंत्रणा किशोरवयातच जोरात चालू होते. थांब, उद्याचा विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र सगळ्यात शेवटी पक्का होतो. शिवाय या वयातला मेंदू शिकण्याच्या बाबतीत विलक्षण तल्लख असतो. भाषा, वाद्य, पोहणं, जे शिकेल ते खोल रुजतं. व्यसनही मेंदूच्या दृष्टीने एक शिकणंच आहे. हेरॉईनमुळे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला घातलेला लगाम सुटतो, आणि डोपामिन मेंदूला बजावतं: हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव. कुठे होतास, कोण सोबत होतं, कसला वास होता, सगळं लक्षात ठेव. सोळाव्या वर्षी गिरवलेलं सहजासहजी पुसलं जात नाही.

सुरुवात बरेचदा हेरॉईनने होतही नाही. खोकल्याचं कोडीन असलेलं औषध, ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या, मित्राने ‘अरे, डॉक्टरच देतात’ म्हणून पुढे केलेली ट्रॅमाडॉल. गोळी स्वच्छ दिसते, पाकिटात असते, तिची भीती वाटत नाही. अमेरिकेचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: रुग्णालयात अशी औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली. रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडे दिवस. पण पुढे या पत्राचा दाखला शेकडो वेळा असा दिला गेला, जणू घरी महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्यांबद्दलच ते लिहिलं होतं. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आणली आणि जोरदार प्रचार केला. २००७ मध्ये तिच्याशी संलग्न कंपनीने, व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. तोवर लाखो लोकांना सवय लागून गेली होती. गोळ्या महागल्या, मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यातले काही जण हेरॉईनकडे वळले. नंतर हेरॉईनमध्ये फेंटॅनिल मिसळलं जाऊ लागलं. ते मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट तीव्र असतं आणि सराव नसलेल्या माणसाचा जीव त्याच्या काही मिलिग्रॅममध्ये जाऊ शकतो. २०२१ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली. त्यातली सुमारे ८० हजार ओपिऑइडमुळे.

गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खलनायक ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिन हे वरदान आहे, आणि ते न मिळाल्यामुळे तळमळत जाणारे रुग्ण जगात आजही आहेत. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका, एवढं मात्र नक्की म्हणेन.

दोन घड्याळं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

हेरॉईन बंद झालं की शरीरात दोन गोष्टी उतरायला लागतात, पण वेगवेगळ्या वेगाने. पहिला उतरतो तो सराव. श्वासाचं केंद्र जो जोर लावायला शिकलेलं असतं, तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडतो. ओढ मात्र महिने, वर्षं राहते. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की हेरॉईन तोडल्यावर पहिले काही आठवडे ओढ कमी होण्याऐवजी वाढत जाते आणि मगच उतरणीला लागते. म्हणजे एकीकडे शरीर पहिल्यांदा घेणाऱ्यासारखं नाजूक झालेलं, आणि दुसरीकडे ओढ ऐन भरात.

अशा वेळी मुलगा घसरला, तर तो काय करतो? त्याच्या हाताला जो डोस ठाऊक आहे, तोच घेतो. महिन्यापूर्वी तो त्याला पुरतही नव्हता. आज तोच त्याचा श्वास थांबवतो. त्यात त्याने ‘मी सुटलोय’ असं सगळ्यांना सांगितलेलं असतं, त्यामुळे तो लपून घेतो. बाथरूमची कडी लावून, एकटा. वाचवायला जवळ कुणी नसतं.

ही माझी कल्पना नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. तुरुंगात सराव मोडलेला, बाहेर आल्यावर ओढ जिथल्या तिथे. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास तर जास्तच जिव्हारी लागतो. दाखल होऊन हेरॉईन सोडायला आलेल्या १३७ जणांचा पुढे वर्षभर माग ठेवला. ओव्हरडोसने तिघं गेले. तिघंही अशा गटातले, ज्यांनी उपचार व्यवस्थित पूर्ण केले होते आणि ज्यांचा सराव पूर्ण मोडला होता. अर्धवट सोडून पळालेल्यांपैकी एकही ओव्हरडोसने गेला नाही. आकडा लहान आहे, पण चित्र तेच.

याला जागेचीही एक बाजू आहे. १९८२ मध्ये शेपर्ड सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉईनचा सराव झालेल्या उंदरांना मोठा डोस दिला. ज्या खोलीत नेहमी डोस मिळायचा तिथे साधारण एक तृतीयांश उंदीर मेले. तोच डोस अनोळखी खोलीत दिला तेव्हा साधारण दोन तृतीयांश. ओळखीची खोली दिसताच शरीर आधीपासून तयारीला लागतं, आणि नव्या जागी ती तयारीच होत नाही. म्हणजे सराव काही प्रमाणात जागेलाही बांधलेला असतो.

ओढही तशीच जागेला बांधलेली असते. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉईन सर्रास चालायचं. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. त्यांच्यातला साधारण पाचवा हिस्सा तिथे असताना व्यसनी झाला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले फक्त ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले, तीन वर्षांत १२ टक्के. जंगल, भीती, ते मित्र, ती तंबूतली रात्र, हेरॉईनशी जोडलेलं सगळं मागे राहिलं होतं.

आता आपला मुलगा पाहा. तो केंद्रात तीन महिने राहतो आणि मग नेमका त्याच गल्लीत, त्याच जिन्यात, त्याच फोन नंबरांमध्ये परत येतो. सैनिकांच्या बाबतीत जे घडलं, त्याच्या बरोबर उलट. जळकी चांदी (हेरॉईन ज्यावर तापवून ओढतात तो चंदेरी कागद) दिसली, माचिस ओढल्याचा आवाज आला, एका ठरावीक रिंगटोनने फोन वाजला, की पोटात गोळा येतो, तोंडाला पाणी सुटतं. त्याने ठरवलेलं नसतं. मेंदूने पाठ केलेलं असतं.

मग उपचार म्हणजे काय

‘डिटॉक्स’ या शब्दाने फार नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जणू विष अंगात आहे, ते धुऊन काढलं की झालं. दहा दिवसांत अंग धुऊन निघतं खरं, पण त्यात नेमका सराव मोडतो आणि ओढ तशीच राहते. नुसता डिटॉक्स करून घरी पाठवणं म्हणजे मुलाला दोन घड्याळांमधल्या त्या दरीत उभं करणं.

ही दरी भरून काढणारी औषधं आहेत, आणि ती नवी नाहीत. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवांडर या डॉक्टरांनी मेथाडोनचे निष्कर्ष मांडले. हेही ओपिऑइडच, पण तोंडाने घ्यायचं, हळू चढणारं आणि पूर्ण दिवस टिकणारं. पूर आणि दुष्काळ दोन्ही थांबतात. दुसरं ब्युप्रेनॉर्फिन. ही किल्ली कुलपात घट्ट बसते, पण कुलूप पूर्ण उघडत नाही. टर्की थांबते, ओढ ओसरते, आणि एका मर्यादेपुढे श्वासावरचा परिणाम वाढत नाही. शिवाय ती बसलेली असताना वरून हेरॉईन घेतलं तरी त्याला कुलूप मोकळं मिळत नाही. एक पथ्य आहे: टर्की सुरू झाल्यावरच पहिला डोस घ्यायचा, आधी घेतला तर टर्की एकदम अंगावर येते. म्हणून हे डॉक्टरांच्या हातूनच व्हावं लागतं. तिसरं नाल्ट्रेक्सोन, जे कुलूप नुसतं बंद करून टाकतं. काहींना त्याचा उपयोग होतो, पण ते सुरू करण्याआधी आठ-दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं. आणि मध्येच बंद केलं तर सराव मोडलेला असतोच, ती दरी पुन्हा समोर येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्यामागे भक्कम पुरावा होता. स्वीडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेरॉईनच्या आहारी गेलेल्या ४० जणांचे दोन गट केले. समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, दुसऱ्याला सहा दिवसांत ते कमी करत आणून पुढे औषध नसलेली गोळी. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते, दुसऱ्यातला एकही नाही. आणि दुसऱ्या गटातल्या २० पैकी चौघं मेले होते. पहिल्या गटातलं कुणी नाही. फ्रान्सने नव्वदच्या दशकाच्या मध्यात साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली आणि चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू जवळजवळ चार पंचमांशाने घटले.

तरुणांबद्दल वेगळं विचारायला हवं, कारण ‘एवढ्या लहान वयात कशाला औषधाची सवय?’ हा प्रश्न येतोच. २००८ मध्ये १५ ते २१ वयाच्या १५२ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दोन आठवड्यांचा डिटॉक्स, काहींना बारा आठवडे औषध. बाराव्या आठवड्यात पहिल्या गटातले सुमारे २१ टक्के उपचारात उरले होते, दुसऱ्यातले ७० टक्के. आणि बारा आठवड्यांनी औषध थांबवल्यावर दुसऱ्या गटातही पुन्हा घेणं वाढलं. मला या शेवटच्या गोष्टीचं जास्त महत्त्व वाटतं. औषध काम करतं ते चालू असेपर्यंत, आणि तीन महिने पुरत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ पासून किशोरवयीनांनाही हे उपचार द्यावेत, अशी भूमिका घेतली आहे.

‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरायची?’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण नशा म्हणजे काय, ते नीट पाहू. दर सहा तासांनी चढ-उतार, त्यासाठी चोरी, अंगात शिरणारी अनोळखी पावडर, सुईतून येणारा एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी. ब्युप्रेनॉर्फिन घेणारा मुलगा सकाळी जिभेखाली गोळी ठेवतो आणि कॉलेजला जातो. त्याच्या शरीराला ती गोळी लागते, हे खरं. मधुमेह्याला इन्सुलिन लागतं, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. शरीराला एखादं औषध लागणं आणि औषधाने आयुष्याचा ताबा घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औषधाने सगळं होतं असं नाही. आत जे ठसठसत होतं ते तिथेच असतं, शिक्षण सुटलेलं असतं, मित्र एकाच प्रकारचे उरलेले असतात. बोलणं, गट, कामधंदा, नवी जागा, हे सगळं लागतं. पण ते करण्यासाठी मुलगा आधी जिवंत हवा.

श्वास मोजा

ओव्हरडोस ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. हाका मारून, छातीच्या मधल्या हाडावर मूठ चोळूनही जाग येत नाही. श्वास फार सावकाश, मिनिटाला आठ-दहाच्या खाली, किंवा मध्येच थांबणारा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी. आणि घशातून घरघर, घोरल्यासारखा आवाज. या घोरण्याने कितीतरी घरं फसली आहेत. ‘चला, आज शांत झोपलाय’ म्हणून दार लोटून घेतात आणि सकाळी उघडतात.

अशा वेळी आधी रुग्णवाहिका. नॅलोक्सोन जवळ असेल तर ते द्या, नाकातला फवारा किंवा इंजेक्शन. ते कुलपात बसलेलं ओपिऑइड ढकलून बाहेर काढतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो. न आल्यास दुसरा डोस. नॅलोक्सोन नसेल तर मान मागे करून, नाक दाबून, तोंडाने दर पाच सेकंदांना एक श्वास देत राहा. त्याला गरज आहे ती श्वासाचीच. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. पाणी मारणं, चालवत नेणं, दूध किंवा मिठाचं पाणी पाजणं, यातलं काही करू नका. आणि शुद्धीवर आला तरी एकटं सोडू नका: नॅलोक्सोन अर्ध्या ते दीड तासात उतरतं, हेरॉईन किंवा गोळी अजून अंगात असू शकते, आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.

घरात काय बोलायचं

‘गर्दुल्ला’ हा शब्द घरातून काढून टाका. तो शब्द ऐकलेला मुलगा मदत मागायला येत नाही.

संशय असेल तर झडती आणि धमकीने सुरुवात करू नका. बारीक बाहुल्या, बसल्या-बसल्या पेंगणं, सतत नाक खाजवणं, बद्धकोष्ठ, उकाड्यातही लांब बाह्या, जळक्या चांदीचे तुकडे, हे दिसलं तर जे दिसलं तेवढंच सांगा: ‘मला हे दिसलं, मला भीती वाटतेय, आपण डॉक्टरांकडे जाऊ.’ पहिल्यांदा तो नाही म्हणेल. दार उघडं ठेवा, आठवड्याने पुन्हा विचारा.

आणि तो सोडून घरी आला की एक वाक्य बोलावं लागतं, जे आईबापांना सगळ्यात जड जातं. मलाही ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं. ते असं: ‘तू घेणार नाहीस असं मला मनापासून वाटतं. पण कधी घसरलास, तर पूर्वीएवढं घेऊ नकोस, तुझं शरीर आता तेवढं पेलणार नाही. दार बंद करून घेऊ नकोस. आणि मला सांग, रात्री तीन वाजता असलं तरी. मी ओरडणार नाही, आपण सकाळी दवाखान्यात जाऊ.’ यात परवानगी दिल्यासारखं वाटतं, म्हणून लोक बोलत नाहीत. पण मुलगा घसरला तर त्याला वाचवू शकतो तो दाराबाहेरचा माणूस, आणि कडी लावायची की नाही हे त्या क्षणी मुलगाच ठरवत असतो. घरी ओरडा बसेल की माणूस भेटेल, याचा अंदाज घेऊन ठरवत असतो.